गिरबा
अरबीत लिहितात ‘किर्बा’. अमिरातीत बोलताना त्यातला ‘क’ ‘ग’कडे झुकतो आणि शब्द होतो ‘गिरबा’. बकरीच्या अख्ख्या कातड्याची पाण्याची पिशवी, म्हणजे आपल्या मशकेची सख्खी बहीण. हल्ली ती वस्तुसंग्रहालयांत टांगलेली दिसते.

गिरब्यासाठी बकरी पोटाशी चिरत नसत. मोजा उतरवावा तसं कातडं मानेकडून ओढून काढायचं. मान झाली पिशवीचं तोंड. पाय आवळून बांधले की बाकीची भोकं बंद. केस काढायला वाळवंटातली ‘घलगा’ ही वनस्पती. तिचा पांढरा चीक इतका जहाल की अंगाला लागला तर त्वचा भाजते, कातड्याला लावला तर केस सुटून येतात. आपल्या बांधावरची उतरण तिच्याच कुळातली. आपल्याकडे मात्र हे काम चुन्याच्या पाण्याने व्हायचं.

मग ‘करझ’. हा शब्द अरबीत फार जुना. पैगंबरांच्या काळात कुबा मशिदीत बांग देणारे साद याच मालाचे व्यापारी होते, म्हणून ते ‘साद अल-करझ’ या नावानेच ओळखले गेले. करझ म्हणजे बाभळीच्या शेंगा आणि पाला. होय, आपलीच बाभूळ! तिच्यातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाच्या धाग्यांना घट्ट धरतं. मग ते पाण्यात राहूनही कुजत नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडंही बाभळीच्या सालीत आणि हिरड्यातच मुरतं. मराठीत याला ‘कमावणं’ म्हणतात; पैसा, शरीर आणि कातडं या तिघांना एकच क्रियापद.

झाड एक, कसबही जवळपास तेच. पण बेदुइनांच्या तंबूत गिरबा कमावणं बायकांच्या घरकामापैकी एक, दही घुसळण्यासारखं. आपल्याकडे हेच काम करणारा ढोर समाज गावाबाहेर. बाराव्या शतकात बसवण्णांनी याच समाजातल्या संत कक्कय्यांना आपल्या शरणांमध्ये, म्हणजे शिवभक्तांमध्ये, मानाने बसवलं. त्यानंतरही कितीतरी शतकं गावाने मोटेचं पाणी घेतलं आणि मोटेचं कातडं कमावणाऱ्याला लांबच ठेवलं.

गिरबा किंचित झिरपतो आणि त्या ओलाव्यानेच आतलं पाणी गार राहतं. उन्हाळ्यात हे वरदान. लांबच्या वाटेवर मात्र जिवाचा घोर. ब्रिटिश प्रवासी विल्फ्रेड थेसिगर १९४६ ते १९४८ या काळात रुब अल-खालीचं वाळवंट ओलांडताना बकरीच्या कातड्यांतूनच पाणी वाहत होता, आणि ती गळत होती. १९६२ मध्ये अबुधाबीतून तेलाची पहिली निर्यात झाली. पुढे पत्र्याचे डबे, नळ, ट्रक आले आणि गिरबा मागे पडला.

जगातलं बहुतेक कातडं आता क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. बाभळीला आठवडे लागतात ते काम तिथे एखाद्या दिवसात उरकतं. अबुधाबी आणि अल ऐनच्या दरम्यान अल खझना इथे मात्र उंटाचं कातडं क्रोमियम न वापरता कमावलं जातं. त्याच्या बॅगा आणि पाकिटं होतात. पाणी कोणी भरत नाही.