भाड्याची गाडी आणि डावा पाय

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर जो मोटार चालवायला शिकला, त्याच्या डाव्या पायाला विश्रांती ठाऊक नसते. सुताच्या गोण्या आणि कापडाचे तागे वाहणारे टेम्पो, गोदामांकडे निघालेले ट्रक, कुठेही वळणाऱ्या रिक्षा, हातगाड्या आणि या सर्वांच्या फटींतून निसटणारी शाळकरी मुले यांच्यामध्ये गाडी धावत नाही, सरकते. तशी सरकण्यासाठी क्लच निम्मा दाबलेला आणि निम्मा सोडलेला ठेवावा लागतो. आम्ही दोघेही, काही वर्षांच्या अंतराने, एकाच उस्तादांकडे तिथे गाडी शिकलो. उस्ताद मूळचे ट्रकवाले. जुन्या आग्रा रोडवर उभी हयात गेलेली. त्यांच्या अध्यापनपद्धतीत सिद्धान्त एकच होता: "हाफ क्लच, मास्तर, हाफ क्लच."

पुढे आमच्यापैकी एकाचा परवाना नूतनीकरणावाचून गेला आणि दुसऱ्याच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. म्हणजे परवाना एकाकडे, आणि तोही अशा माणसाकडे ज्याने क्लच दाबू नये. आणि नेमक्या याच अवस्थेत लास्कोच्या चित्रगुहांचा परिसर पाहण्याचे आम्ही ठरवले. मूळ गुहा १९६३ पासून सर्वसामान्यांसाठी बंद आहे. पाहायची ती प्रतिकृती. तरीही ज्या दरीत त्या चित्रकारांनी बैल आणि घोडे रंगवले ती दरी पाहावी, अशी जुनी इच्छा होती. फ्रान्सच्या त्या नैर्ऋत्य भागात खेड्याखेड्यांतून फिरायचे तर बस-रेल्वेच्या भरवशावर भागत नाही. तेव्हा गाडी भाड्याने घ्यायची, स्वतः चालवायची, आणि ती ऑटोमॅटिकच हवी, असा तिहेरी निर्णय झाला. हा लेख त्या प्रवासाचे वर्णन नव्हे. त्या निर्णयातील तीन शब्दांमागे, भाडे, स्वतः आणि ऑटोमॅटिक यांमागे, जो इतिहास दडला आहे तो तयारी करताना आमच्या हाती लागत गेला, त्याची ही मांडणी आहे.

पहिला शब्द भाडे. मराठीत 'गाडी भाड्याने केली' असे आपण म्हणतो तेव्हा त्या गाडीत चालक गृहीत असतो. क्रियापदही पाहण्यासारखे आहे: घर भाड्याने 'घेतात', गाडी भाड्याने 'करतात'. घर घेतल्यावर ते काही काळ आपल्या ताब्यात येते. गाडी केल्यावर ती दुसऱ्याच्याच ताब्यात राहते. रिक्षावाल्यांच्या बोलीत तर प्रवासी माणूसच 'भाडे' होतो. "भाडं सोडून आलो," हे वाक्य नाक्यावर दिवसातून शंभरदा कानी पडते. रेल्वेने वाठार स्टेशनपर्यंत जाऊन तिथून महाबळेश्वरचा घाट टांग्याने चढणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील प्रवाशाने घोडा, चाके आणि टांगेवाल्याचे कसब ही तिन्ही एकत्रच विकत घेतलेली असत. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला पहिली एस. टी. सुटली, तेव्हा प्रवास स्वस्त झाला. पण चालवणारा आणि बसणारा यांतले अंतर तसेच राहिले.

आमचे प्रवासवाङ्मयही, आम्हांस वाटते, याच अंतरातून लिहिले गेले. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते दक्षिणेच्या आशेने आणि बराचसा पायी प्रवास करीत. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक १८८९ चे. त्यात लोकसंस्था, शिक्षण, स्त्रियांची स्थिती यांचे निरीक्षण आहे, आणि निरीक्षण करणारी बाई आगगाडीतून हिंडते. पुढे अनंत काणेकर, पु. ल. देशपांडे, गंगाधर गाडगीळ यांनी मराठी वाचकाला परदेश दाखवला तो मुख्यतः आगबोटीच्या कठड्यावरून, आगगाडीच्या खिडकीतून किंवा पायी हिंडून. यात उणेपणा मुळीच नाही. खिडकीत बसलेल्या माणसाला माणसे न्याहाळायला सवड असते, आणि विनोदाला तर ती लागतेच. सुकाणूचक्रावर हात असलेला माणूस रस्त्याच्या कडेची रेघ पाहतो. मात्र प्रवासवर्णनाच्या शैलीवर वाहनाचा परिणाम कसा होतो याचा विचार आमच्या अभ्यासक्रमांत फारसा होत नाही, एवढे नोंदवून पुढे जातो.

दुसरा शब्द, स्वतः. चालकाविना गाडी भाड्याने देण्याचा धंदा अमेरिकेत रुजला. १९१८ साली वॉल्टर जेकब्स या तरुणाने शिकागोत फोर्डच्या बारा 'मॉडेल टी' गाड्यांवर तो सुरू केला. १९२३ मध्ये जॉन हर्ट्झने तो विकत घेतला आणि आपले नाव त्याला दिले. १९४६ मध्ये वॉरन एव्हिसने मिशिगनमधील विलो रन विमानतळावर दुकान मांडले आणि विमानातून उतरून थेट भाड्याच्या गाडीत बसण्याची सवय जगाला लागली. हा धंदा तिथेच का रुजला, याचे उत्तर आम्हांला वाटते ते असे: तिथे मजुरी महाग आणि मोटार स्वस्त होती. आपल्याकडे नेमके उलटे. मोटार दुर्मिळ आणि माणूस स्वस्त. मग चालकाला वगळून वाचणार काय? शिवाय गाडीवर लक्ष ठेवायला मालकाचा माणूस बरोबर असलेला बरा. चालक हा गाडीचा पहारेकरीही असतो.

भारतीय कायद्याने या धंद्याला स्वतंत्र घर दिले ते १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली, १९८९ च्या 'रेंट अ कॅब' योजनेने. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या गाड्या दिसतात त्या या योजनेतल्या. योजनेची एक अट अशी की परवाना मागणाऱ्याकडे किमान ५० गाड्या हव्यात. टांगेवाला एका घोड्यावर धंदा करू शके. इथे पन्नासांखाली प्रवेश नाही. आता अनोळखी माणसाच्या हाती गाडी सोपवायची तर पहारेकऱ्याच्या जागी काहीतरी हवेच. ती जागा कागदाने घेतली: परवाना, विमा आणि क्रेडिट कार्डावर अडवून ठेवलेली अनामत. 'नाका' या शब्दाचा जुना अर्थ आम्हांला इथे आठवला. जिथे वाहन थांबवून जकात मागत, कागद पाहत, तो नाका. महाराष्ट्रातून जकात गेली, नाक्यांची नावे राहिली.

परदेशात चालवायचे तर आणखी एक कागद लागतो, तो आंतरराष्ट्रीय परवाना. मोटारींना देशांच्या सीमा ओलांडता याव्यात म्हणून पॅरिसमध्ये १९०९ आणि १९२६ साली, जिनिव्हात १९४९ साली आणि व्हिएन्नात १९६८ साली करार झाले. भारत यांपैकी जिनिव्हा कराराच्या व्यवस्थेत आहे. आपल्या परिवहन कार्यालयातून मिळणारी पुस्तिका त्या नमुन्याची, आणि तिची मुदत फार तर एक वर्ष. वस्तुतः ही पुस्तिका म्हणजे अनुवाद आहे. मूळ परवाना सोबत नसेल तर तिला अर्थ नाही. भाषांतराने मुळाची जागा घेऊ नये, मुळाशेजारी उभे राहावे, हा नियम साहित्याच्या वर्गात पटवून देताना आमची दमछाक होते. तिथे तो सरकारी शिक्क्यासह मान्य झालेला पाहून गंमत वाटली.

आता तिसरा शब्द, आणि आमच्या गुडघ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. ऑटोमॅटिक गिअर ही ऐषआरामाची अलीकडची कल्पना, असा आमचा समज होता. तो टिकला नाही. जेकब्सच्या त्या बारा 'मॉडेल टी' गाड्यांतसुद्धा आज आपण ओळखतो तशी क्लच-गिअरची जोडी नव्हती. डावे पेडल दाबले की खालचा वेग, सोडले की वरचा. मधले पेडल मागे जाण्यासाठी, उजवे ब्रेकचे, आणि इंधनाचा वेग हाताने, सुकाणूजवळच्या दांडीने. आतल्या चक्रांची रचना सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी होती, आणि पुढे बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांनी हीच ग्रहमालेसारखी रचना उचलली. दुसरा धागा समुद्रावरचा. वेगाने फिरणारे वाफेचे टर्बाइन आणि संथ फिरणारा जहाजाचा पंखा यांची जोड कशी घालावी या प्रश्नावर जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये द्रवाच्या साहाय्याने शक्ती पोहोचवण्याची युक्ती काढली. एका पंख्याने तेल ढवळायचे आणि त्या फिरत्या तेलाने दुसरा पंखा फिरवायचा. दोन्हींचा एकमेकांना स्पर्श नाही. उस्तादांचा हाफ क्लच यंत्राने सांभाळावा तसे हे आहे, फक्त इथे झिजायला चकती नाही.

हे दोन धागे एकत्र आले अमेरिकेत. १९३९ मध्ये जाहीर झालेल्या ओल्डस्मोबिलच्या 'हायड्रामॅटिक'ने क्लचचे पेडल काढूनच टाकले. दुसऱ्या महायुद्धात हीच यंत्रणा अमेरिकेच्या एम-५ रणगाड्यांत बसली. ज्याला आपण आळशी माणसाची सोय म्हणतो, ती रणगाड्यात तपासून निघाली होती! १९४८ मध्ये ब्यूकने 'डायनाफ्लो' आणले आणि अमेरिकेत डाव्या पायाचे काम संपत चालले. युरोपात मात्र तसे घडले नाही. तिथे इंजिने लहान, पेट्रोल महाग, आणि त्या काळची ऑटोमॅटिक यंत्रणा शक्ती खाणारी. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये पट्ट्यांवर चालणारी छोटी ऑटोमॅटिक गाडी काढली, तर तिची संभावना आजीबाईंची गाडी अशी झाली. ती मागेही पुढच्याच वेगाने पळू शके, हे चेष्टा करणाऱ्यांनी फारसे लक्षात घेतले नाही. परिणामी युरोपात भाड्याने गाडी मागितली की हाती यायची ती बहुधा गिअरचीच. ऑटोमॅटिक वेगळी सांगावी लागे, जास्त पैसे देऊन.

भारतात हिशेब इंधनाचा होता. १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हापासून 'किती देते?' हा पहिला प्रश्न झाला, आणि ऑटोमॅटिक कमी देते हे उत्तर ठरलेले. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने हे गणित बदलले. तिच्यात क्लचही होता, नेहमीची गिअरपेटीही होती; फक्त ती दाबण्या-बदलण्याचे काम यंत्राकडे सोपवले होते. किंमत आणि इंधन दोन्ही आवाक्यात राहिली. त्यानंतर भिवंडीतही डावा पाय स्वस्थ ठेवून बसलेले चालक दिसू लागले.

कायद्याची भाषा या बदलाकडे कशी पाहते हेही सांगण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याच्या परवान्यावर सामान्यतः ७८ हा संकेतांक पडे, म्हणजे गिअरची गाडी चालवण्यास मनाई. आपल्या १९८८ च्या कायद्याचे दहावे कलम मोटारसायकलींत 'गिअर असलेली' आणि 'गिअर नसलेली' असे दोन वर्ग करते. मोटारींना मात्र 'हलके मोटार वाहन' या एकाच वर्गात बसवते. त्याच कलमात अपंगांच्या वाहनासाठी इंग्रजीत 'इनव्हॅलिड कॅरेज' असा शब्द होता. त्याचा एक अर्थ रुग्णाची गाडी, दुसरा, उच्चाराच्या फरकाने, रद्दबातल गाडी. २०१९ च्या दुरुस्तीने तो काढून 'अडॅप्टेड व्हेइकल', म्हणजे माणसाला जुळवून घेतलेले वाहन, असा शब्द घातला. एकतीस वर्षे हा शब्द कायद्यात नांदला, आणि त्या वर्गाचा परवाना खिशात बाळगणाऱ्यांना तो रोज वाचावा लागला. वर्गात शब्दार्थ शिकवताना आम्ही हे उदाहरण देतो.

असो. बोर्दोला खिडकीपाशी उभे राहिलो तेव्हा आमच्यासाठी राखलेली गाडी गिअरची निघाली. आरक्षणाच्या कागदावर गाडीच्या नावापुढे 'किंवा तत्सम' असे छापलेले होते, आणि खिडकीतल्या माणसाच्या मते क्लच असणे-नसणे हे तत्समतेत बसत होते. त्याने ती चूक मनापासून केली होती. त्याच्या दृष्टीने गाडी ती गाडी. आम्ही गुडघा दाखवला. भाषेचा प्रश्न तिथल्या तिथे सुटला. साडेतीन तास थांबल्यावर एक ऑटोमॅटिक आली, हवी होती त्यापेक्षा बरीच मोठी. त्या साडेतीन तासांत आमच्यापैकी एकाने परत जाण्याची भाषा केली होती आणि दुसऱ्याने गिअरचीच गाडी घेऊ, हळू चालवू, असे म्हटले होते. कोणी काय म्हटले हे इथे लिहिण्याचे कारण नाही. दोघेही घाबरलो होतो.

गुडघा जुना असला तरी सवय त्याहून जुनी. पहिल्याच चौकात वेग कमी करताना डाव्या पायाने क्लच शोधला, आणि ऑटोमॅटिकमधले रुंद ब्रेकचे पेडल त्याला सापडले. क्लच दाबावा त्या जोराने ब्रेक दाबला गेला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मागे कोणी नव्हते म्हणून निभावले. तेव्हापासून डावा पाय आसनाकडे ओढून, टाच जमिनीला टेकवून ठेवला. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांना आमचा हाच सल्ला राहील: मोकळ्या आवारात अर्धा तास फिरा, मग रस्त्यावर या. उजव्या बाजूने चालवणे त्यामानाने लवकर अंगवळणी पडते, कारण समोरची रहदारी सतत आठवण देते. पायाला आठवण देणारे कोणी नसते. खेड्यांतल्या, खुणा नसलेल्या चौकांत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा फ्रान्समधला नियम आम्ही घोकून गेलो होतो. परतल्यावर सहज पाहिले तर १९८९ च्या, २०१७ पर्यंत लागू असलेल्या आपल्या रस्ता-नियमावलीतही, मुख्य रस्ता ठरवलेला नसेल त्या चौकासाठी, तोच नियम सापडला. धामणकर नाक्यावर इतकी वर्षे काढून तो आमच्या कानांवर आला नव्हता.

परत आल्यावर उस्तादांना भेटायला गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. गुहेतले बैल, तेलाचा पंखा, उजवी बाजू. क्लच नसलेल्या गाडीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "सात दिवसांचं भाडं किती पडलं, मास्तर?" आम्ही रुपयांत आकडा सांगितला. त्यांनी मनाशी हिशेब केला.

"आणि ड्रायव्हरचा भत्ता?"

"ड्रायव्हर नव्हता, उस्ताद."

"मग रात्री गाडीपाशी कोण झोपायचं?"