एबन-एजर

जेरुसलेमच्या एमेक रेफाइम रस्त्यावर दुकानांच्या व उपाहारगृहांच्या गर्दीत सहा नंबरचे एक दगडी घर उभे आहे. त्याच्या दारावरील दगडात ‘एबन-एजर’ हे नाव कोरले आहे. नाव आपल्या ओळखीचे. पेलिष्ट्यांचा पराभव झाल्यावर शमुवेल नबीने जो दगड उभा केला, त्याचे हे नाव. अर्थ, साहाय्याचा दगड.

घर बांधणारा मात्र यहुदी नव्हता. १८७३ साली ते बांधले माथेउस फ्रांक या जर्मन गिरणीवाल्याने. (आपले पूर्वज तेलाच्या घाण्याचे, हा पिठाच्या गिरणीचा!) येथील जर्मन वसाहतीचे हे पहिले घर. फ्रांक टेम्पलर पंथाचा होता. क्रूसेडच्या काळातील त्याच नावाच्या योद्ध्यांशी या पंथाचा काही संबंध नाही. ख्रिस्तोफ हॉफमन व गेओर्ग हार्डेग यांनी १८६१ साली दक्षिण जर्मनीत तो स्थापला. देवाची प्रजा ती आपणच आणि तिने पवित्र भूमीत जाऊन राहावे, अशी त्यांची समजूत. १८६८ साली ते हैफात उतरले. मग याफो, सरोना आणि अखेर जेरुसलेम.

माणसे कष्टाळू, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांनी शेती केली, गिरण्या घातल्या, याफो-जेरुसलेम घोडागाड्या चालवल्या. घरांना जाड दगडी भिंती आणि वर लाल कौलांचे उतरते छप्पर. ते पाहून कोकणची आठवण झाली तर नवल नाही. मंगळुरी कौलांचा कारखानाही १८६५ साली बासल मिशनच्या एका जर्मन मिशनऱ्यानेच काढला होता!

पण १९३३ नंतर या वसाहतींत नाझी झेंडे लागले. पुढच्या पिढीतील अनेकजण त्या पक्षाचे सभासद झाले. दारावर शमुवेलचे शब्द आणि घरात शमुवेलच्या लोकांचा द्वेष, हे त्यांना जमले तरी कसे?

महायुद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी त्यांना नजरकैदेत ठेवले आणि १९४१ साली शेकडो जणांना जहाजाने ऑस्ट्रेलियाला धाडले. १९४८ नंतर वसाहतीतील रिकाम्या घरांत आपल्याप्रमाणेच परदेशांतून आलेली यहुदी कुटुंबे राहू लागली. एकेका घरात कित्येक. मालमत्तेचा हिशेब पुढे १९६२ साली मिटला. इस्राएल सरकारने टेम्पलरांना ५ कोटी ४० लाख मार्क भरपाई देण्याचे कबूल केले.

पुढच्या वेळी त्या बाजूला गेलात, तर दाराशी थांबून वर जरूर पाहा.