मंगलकामना आणि राजमान्यता

धार्मिक सणाच्या दिवशी सार्वजनिक जीवनात दिली जाणारी शुभेच्छा ही केवळ रीतीची बाब आहे, असा सर्वसाधारण समज आहे. बौद्धांचा इतिहास पाहता आम्हांस तसे वाटत नाही.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आला आहे. धम्मदेसना चालू असता तथागतांना शिंक आली. भिक्खूंनी 'भगवान चिरायू होवोत' असा मोठ्याने घोष केला आणि देसनेत खंड पडला. असे म्हटल्याने कोणी जगतो वा मरतो काय, असे विचारून तथागतांनी ती प्रथा बंद केली. पुढे एका भिक्खूला शिंक आली, तेव्हा लोकांनी त्याला तीच शुभेच्छा दिली. नियमाच्या भीतीने भिक्खू उत्तर देईनात, तेव्हा लोक नाराज झाले. गृहस्थांना मंगलाची आवड असते, हे जाणून तथागतांनी प्रत्युत्तर देण्याची अनुज्ञा दिली. शब्दात दैवी शक्ती नसते. परंतु शुभेच्छेला मौनाने उत्तर देणे हा माणसाचा अनादर ठरतो, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

हा अनादर राज्यसत्तेकडून संपूर्ण समाजाच्या वाट्याला आला, तर त्याचे निवारण मागूनच करून घ्यावे लागते. श्रीलंकेत ब्रिटिश अमदानीत वेसाक पौर्णिमेला सरकारी सुटी नव्हती. 25 मार्च 1883 रोजी, ईस्टरच्या दिवशी, कोलंबोतील कोटहेना येथे मिगेट्टुवत्ते गुणानंद थेरांच्या विहाराकडे जाणाऱ्या बौद्ध मिरवणुकीवर हल्ला झाला. न्याय मिळाला नाही, म्हणून बौद्धांची बाजू मांडण्यासाठी कर्नल ऑल्कॉट 1884 साली लंडनला गेले. परिणामी वेसाकची सुटी मान्य झाली आणि 28 एप्रिल 1885 रोजी त्या पौर्णिमेस बौद्ध ध्वज प्रथम फडकला. पुढे तेथे वेसाकची शुभेच्छापत्रे पाठविण्याची प्रथाही रूढ झाली.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने 15 डिसेंबर 1999 रोजी ठराव 54/115 अन्वये वेसाक दिनाला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. तेव्हापासून संघाचे महासचिव या दिवशी जगातील बौद्धांना संदेश देतात. कोटहेना ते न्यूयॉर्क हा प्रवास शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

आमच्याकडे प्रश्न थोडा निराळा आहे. बुद्धपौर्णिमेला आज केंद्र शासनाची सुटी आहे. राष्ट्रपती व पंतप्रधान शुभेच्छा देतात. परंतु बोधिसत्त्व बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षेसाठी अशोक विजयादशमीचा दिवस निवडला. तोच दिवस इतरांचा दसरा असतो. कार्यालयातील सहकारी सवयीने दसऱ्याच्या शुभेच्छा देतात. त्या वेळी उपासकाने काय करावे? काही बांधव मान फिरवतात, काही निमूटपणे 'तुम्हालाही' म्हणून मोकळे होतात. आम्हांस दोन्ही मार्ग अपुरे वाटतात. पहिल्यात समोरच्याचा अनादर होतो, दुसऱ्यात आपली ओळख लोपते.

चुल्लवग्गातील अनुज्ञा येथे मार्ग दाखविते. शुभेच्छा आदराने स्वीकारावी आणि प्रत्युत्तरात 'धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंगलकामना' असे स्पष्टपणे म्हणावे. श्रीलंकेतील बौद्धांनी आपल्या दिवसाचे नाव राज्यकर्त्यांसमोर ठामपणे उच्चारले, म्हणून ते जगाच्या व्यासपीठावर पोहोचले. आपल्या दिवसाचे नाव आपणच घेतले नाही, तर ते इतरांनी घ्यावे अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करावी?