चितपटीनंतरची कुस्ती : मिश्र द्वंद्वातील मल्लविद्येची परिणामकारकता

ठोसा, लाथ व पकड या तिन्हींना मुभा असणाऱ्या मिश्र द्वंद्वात मल्लविद्या कितपत उपयोगी पडते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. तालमीत वावरणारे याचे उत्तर अभिमानाने देतात : पैलवानाने एकदा पट काढला की समोरचा संपला. या उत्तराचा पहिला भाग इतिहासाला मान्य आहे. दुसरा तपासून पाहावा लागतो.

सोलापूरचा प्रदेश ज्यांच्या राज्यात होता, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांची प्रतवारी, आहार व सराव यांचे तपशील आढळतात. राजाश्रयी व्यावसायिक मल्लांची ही परंपरा पुढे ज्येष्ठी अथवा जेठी मल्लांच्या रूपाने बडोदा व म्हैसूर येथे टिकून राहिली. मराठी वाचकांच्या दृष्टीने बडोदा अधिक महत्त्वाचे आहे. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत (१८५६–१८७०) तेथे भरणाऱ्या रक्तरंजित कुस्त्यांचे वर्णन फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने केले आहे. त्याचे लक्ष डावांपेक्षा रक्ताकडे अधिक होते, हे मान्य करूनच त्याची साक्ष घ्यावी लागते.

वज्रमुष्टीत उजव्या मुठीत शिंगासारख्या कठीण पदार्थाचे आयुध असते. प्रहार टाळायचा तर प्रतिस्पर्ध्याचे मनगट बांधावे लागते आणि मनगट बांधायचे तर अंगाला भिडावे लागते. येथे पकड ही प्रहारावरील उपाय म्हणून येते. शिवाय पाठ टेकली म्हणून आयुधधारी हात निकामी होत नाही. खाली पडलेला मल्लही घातक राहतो.

आपल्या परिचयाच्या कुस्तीत हे उरले नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तिचा सुवर्णकाळ आला, १९१२ मध्ये कोल्हापूरचे खासबाग मैदान उभे राहिले; परंतु पाठ टेकताच निकाल लागत असल्याने मल्लाची सारी बुद्धी त्या क्षणापर्यंतच धावू लागली. नियम बदलला की शरीरालाही नव्याने शिकावे लागते. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले.

मिश्र स्वरूपाच्या लढतींत ही मर्यादा वारंवार उघड झाली आहे. १२ डिसेंबर १९७६ रोजी कराचीत गामाचा पुतण्या अक्रम पहिलवान जपानच्या अंतोनियो इनोकीशी लढला. तिसऱ्या फेरीत इनोकीने त्याचा हात पिरगळला; अक्रमच्या खांद्याला गंभीर दुखापत झाली व लढत संपली. 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप'मध्ये डिसेंबर १९९४ च्या अंतिम लढतीत अमेरिकन मल्ल डॅन सेव्हर्न सुमारे पंधरा मिनिटे बव्हंशी वरच होता. खाली असलेल्या रॉइस ग्रेसीने पायांच्या त्रिकोणात मान आवळून त्यालाच हरवले. रितू फोगाट २०१९ मध्ये मिश्र द्वंद्वात उतरली आणि प्रतिस्पर्ध्यांना खाली पाडून तिने सलग विजय मिळवले. डिसेंबर २०२१ मध्ये मात्र मुळात मुए थाईची असलेल्या स्टॅम्प फेअरटेक्सने हात अडकवून तिला शरणागती पत्करायला लावली. तिन्ही ठिकाणी मल्ल जमिनीवरच हरला. पैलवानाचे हक्काचे म्हणून जे क्षेत्र मानले जाते, तेच हे.

यावरून कुस्ती कुचकामी ठरते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सेव्हर्न १९९५ मध्ये विजेता ठरला. मल्ल मार्क कोलमन १९९७ मध्ये त्या स्पर्धेचा पहिला हेवीवेट विजेता झाला. दागेस्तानचा खबीब नुरमागोमेदोव्ह २९ लढती अपराजित राहून २०२० मध्ये निवृत्त झाला. लढत उभ्याने व्हावी की जमिनीवर, हे मल्लच ठरवतो आणि ठोसेबाजाला ते क्वचितच ठरवता येते. खबीबने या पायाला साम्बोतील हातापायांच्या पकडींची जोड दिली होती.

आज आपल्या जिल्ह्यातील एखादा तरुण पिंजऱ्यातील लढतीकडे वळला, तर दुहेरी पट तो तालमीतून घेऊन जाईल. पुढचे त्याला अन्यत्र शिकावे लागेल. वस्तुतः सशस्त्राशी निःशस्त्राने भिडण्याची बिनोट विद्या आणि वज्रमुष्टी या दोहोंची नोंद द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्यात सिद्ध केलेल्या दहा खंडांच्या मराठी व्यायाम ज्ञानकोशाच्या परंपरेत झालेली आहे. प्रत्यक्ष वज्रमुष्टी म्हैसूरच्या दसऱ्यात अजून पाहावयास मिळते. मात्र डोक्यावर पहिले रक्त दिसताच ती थांबवतात. ती काही क्षणांतच आटोपते आणि जमिनीवरील पकडीची वेळ येत नाही.