वाण्याचे जुने दुकान

आपल्या गावातले वाण्याचे जुने दुकान जरा न्याहाळून पाहा. पुढे ओटा, फळ्यांचे दार, आत गूळ, मीठ, तेल. आणि पार आतल्या खोलीत वह्या. कितीतरी गावांत वाणी तोच सावकार!

१८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, आपल्या कापसाचे भाव कोसळले. पुढे साराही वाढला. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी दुकानांवर चाल केली. धान्य लुटले, हे खरेच. पण मुख्य मागणी वह्यांची नि खतांची. ती त्यांनी जाळली. स्वतःचे खत ज्याला वाचता येत नाही, त्याला त्या कागदाचे भय किती असेल, पाहा!

१८७९ साली कायदा झाला. मग शेतकऱ्याचे खत दुकानाच्या ओट्यावर नव्हे, तर नोंदणी अधिकाऱ्यासमोर करावे लागे.