ढलपी की भुसा? साखळी करवतीची गोष्ट

राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या दिवशी जालना आणि भोकरदनकडच्या रस्त्यांनी माणसांची रीघ लागते. एरवी गावाबाहेरच्या शिवारात मोटेच्या काळातली नसली तरी बऱ्यापैकी शांतता असते. अशाच एका रविवारी सकाळी शिवारातून फटफटीसारखा आवाज येऊ लागला. एका शेतकरी पालकांनी सरपण तोडण्यासाठी नवी साखळी करवत आणली होती. गावात सगळे तिला ‘चेनसॉ’च म्हणतात. वळवाच्या वादळात त्यांच्या बांधावरची जुनी बाभूळ उन्मळून पडली होती, तिच्यावर या यंत्राची पहिली परीक्षा होणार होती. आम्ही तीन शिक्षक आणि दहावीची काही मुले मुद्दाम पाहायला गेलो होतो. मुलांना आम्ही चांगले वीस-पंचवीस पावले लांब उभे केले.

बाभळीचे लाकूड किती चिवट असते हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. गाडीची चाके, वखर, नांगर यांसाठी याच लाकडाची निवड होत असे ती उगीच नाही. पण यंत्राची साखळी बुंध्याला टेकली आणि लोण्यात सुरी जावी तशी आत शिरली. मागच्या बाजूने बोटाच्या पेराएवढ्या ढलप्यांचा फवारा उडत होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चार-पाच ओंडके झाले आणि मग घोटाळा झाला. ओंडका कापून पाते खाली आले ते थेट मुरमात. क्षणभरच. पुढच्या ओंडक्याला मात्र साखळी टेकली तरी आत जाईना. इंजिनाचा आवाज तोच, साखळी फिरण्याचा वेगही तोच. पण ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला आणि खाचेतून धूर निघाला.

“यंत्र बिघडलं,” असे सगळ्यांचे मत पडले. बाजूला उभे असलेले म्हातारे सुतार मिस्त्री तेवढे हसले. म्हणाले, “गुरुजी, यंत्राला काय झालं न्हाई. दात मेले त्याचे. नुसता दम असून काय करता?” त्यांनी पिशवीतून गोल कानस काढली.

मिस्त्रींच्या या एका वाक्यात साखळी करवतीचा निम्मा इतिहास आहे. तो आम्ही नंतर शोधून वाचला. तुमच्या वर्गात सांगण्यासारखा आहे, म्हणून येथे देत आहोत.

हाडे कापणारी साखळी

‘साखळी करवतीचा शोध बाळंतपणासाठी लागला,’ असे एक वाक्य हल्ली ठिकठिकाणी वाचायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. १८ व्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये एडिंबराचे जॉन एटकेन आणि ग्लासगोचे जेम्स जेफ्रे या दोन वैद्यांनी दात असलेली बारीक साखळी वापरली. अडलेल्या बाळंतिणीच्या ओटीपोटाचा सांधा मोकळा करण्यासाठी किंवा सडलेला हाडाचा भाग काढण्यासाठी ती असे. तिच्या दोन टोकांना दोन मुठी असत आणि ती हाडाभोवती गुंडाळून आलटूनपालटून ओढत. १८३० च्या सुमारास जर्मनीत वुर्झबर्गच्या बर्नहार्ड हाइने यांनी पट्टीभोवती फिरणारी, मुठीने गरगर फिरवायची साखळी तयार केली. चित्रात ती आजच्या यंत्राची धाकटी बहीणच वाटते. पुढे १८९४ मध्ये लिओनार्डो जिग्ली यांनी काटेरी तारेची साधी करवत आणली आणि शस्त्रक्रियेतली साखळी मागे पडली.

पण या वैद्यांच्या साखळीपासून लाकूडतोड्याच्या साखळीपर्यंत सरळ रस्ता गेला, असे मानण्याचे कारण नाही. जंगलात काम करणाऱ्यांपुढचा प्रश्न वेगळा होता आणि तो त्यांनी स्वतंत्रपणे सोडवला. शोधांच्या गोष्टी सांगताना आपण शिक्षक पुष्कळदा एक नाव आणि एक साल सांगून मोकळे होतो. ही गोष्ट त्या साच्यात बसत नाही.

दम आला, दात नव्हते

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रचंड घेराची झाडे होती. ती तोडण्यासाठी न संपणाऱ्या, म्हणजे गोल फिरत राहणाऱ्या साखळीची कल्पना तिथे १९ व्या शतकाच्या अखेरीपासून पुढे येत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्स यांना १९०५ मध्ये अशा यंत्राचे पेटंट मिळाले. पण माणसाने उचलून नेण्यासारखे इंजिन हाताशी नव्हते.

ते पुढच्या २० वर्षांत आले. १९२६ मध्ये जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळी करवत बनवली. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी पेट्रोलवर चालणारी करवत थुरिंगियातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर चालवून दाखवली आणि यंत्राला त्या डोंगराचेच नाव दिले. १९२९ मध्ये श्टील यांचेही पेट्रोलचे यंत्र आले. या यंत्रांचे वजन सुमारे ५० किलो, म्हणजे गव्हाच्या अर्ध्या क्विंटलच्या पोत्याएवढे. ती दोघांनी मिळून धरावी लागत. शिवाय इंजिन आडवे झाले की कार्ब्युरेटरमधला तरंगता गोळा काम करीनासा होई आणि यंत्र बंद पडे. म्हणून इंजिन सरळ ठेवून पाते तेवढे वळवण्याची सोय करावी लागे. पुढे तरंगत्या गोळ्याऐवजी पातळ पडदा असलेला कार्ब्युरेटर आला, तेव्हा कुठे करवत कशीही कलती धरता येऊ लागली. १९५० च्या सुमारास एका माणसाने चालवायची यंत्रे बाजारात आली.

म्हणजे दमाचा प्रश्न हळूहळू सुटत होता. दातांचा मात्र तसाच होता. हाताने ओढायच्या मोठ्या करवतीचे दात जसेच्या तसे साखळीवर चढवलेले असत. काही दात लाकडाच्या धाग्यांवर ओरखडा काढत आणि त्यामागचे दात तो भाग खरवडून बाहेर टाकत. हे दात लवकर बोथट होत. त्यांना धार लावणे हे कौशल्याचे आणि वेळखाऊ काम होते. यंत्र झपाट्याने कापी आणि झपाट्याने थांबे. राजूरच्या बांधावर मुरमाला लागल्यावर आम्ही जे पाहिले, तेच त्या लोकांच्या नशिबी रोज होते.

ओंडक्यातला गुरू

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये सरपण तोडताना त्याचे लक्ष एका बुंध्याकडे गेले. त्यात भुंगेऱ्याची एक जाड अळी लाकूड पोखरत होती. धाग्याच्या दिशेने असो की आडवे, ती सारख्याच सहजतेने पुढे सरकत होती. कॉक्सने तिचा जबडा निरखून पाहिला. तिचे दोन वक्र जबडे आळीपाळीने, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून कापत होते. ती लाकूड ओरखडत नव्हती, सोलत होती.

कॉक्सने तसेच वक्र दात पोलादात घडवले: एक डावा, एक उजवा, पुन्हा डावा. प्रत्येक दाताची उभी धार बाजूचे धागे तोडते आणि वरची आडवी धार रंध्याप्रमाणे ढलपी उचलते. दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो. दाताने किती खोल घास घ्यायचा हे तो ठरवतो. आजच्या नेहमीच्या साखळीत ही खोली साधारण ०.६५ मिलिमीटर असते. १९४७ मध्ये कॉक्सने पोर्टलंड येथे घराच्या तळघरातून या साखळ्या बनवायला सुरुवात केली. आज जगभरच्या साखळी करवतींचे दात याच घडणीचे आहेत.

ही अळी आपल्याला परकी नाही. आंब्याच्या खोडाखाली भुसा दिसला की आपण ‘भिरूड लागली’ असे म्हणतो. भिरूड, बाभळीचे खोड पोखरणारी अळी आणि कॉक्सची ओरेगनमधली अळी या तिन्ही लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या एकाच कुळातल्या आहेत. आमच्या बाभळीच्या एका ओंडक्यातही असा बोगदा निघाला. मुलांनी तो काडी घालून मोजला. आपण जिला औषध घालून मारतो, तिचा जबडा कधी पाहिला आहे का, हा प्रश्न आम्ही त्यांना विचारला आणि स्वतःलाही विचारला.

हिशेब आणि एक प्रयोग

सरपणासाठी वापरतात त्या यंत्राचे इंजिन साधारण ५० घन सेंटिमीटरचे असते, म्हणजे एकेकाळी रस्तोरस्ती दिसणाऱ्या लूनाएवढे. पण ते कितीतरी वेगाने फिरते आणि सुमारे २,२०० वॅट शक्ती देते. माणूस बराच वेळ टिकवून धरू शकतो ती शक्ती सुमारे ७५ वॅट. भागाकार करा: पाच किलोच्या त्या यंत्रात जवळपास ३० माणसांचा दम आहे. साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावते. आणि तरीही दात मेले की ही ३० माणसे धूर काढण्यापलीकडे काही करू शकत नाहीत. का?

वर्गात दोन सारख्या पेन्सिली घ्या. एक टोकयंत्रात फिरवून एक सेंटिमीटर कमी करा, दुसरी काचपेपरवर घासून तेवढीच कमी करा. पहिलीच्या लांब सालपट्या निघतील, दुसरीचा भुसा. वेळ कोणाला जास्त लागला? बोटांना गरम काय लागले? लाकूड जितके बारीक करावे तितके नवे पृष्ठभाग तयार करावे लागतात आणि ऊर्जा त्यात आणि घर्षणात खर्च होते. म्हणून ढलपी निघाली तर धार आहे, भुसा निघाला तर धार गेली, ही खूण मिस्त्रींना पुस्तकावाचून ठाऊक होती.

याच ठिकाणी एक इशारा. ही करवत विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची वस्तू नाही. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर दात अडकतात आणि सगळा दम पाते उलटे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे फेकण्यात जातो. हातापुढच्या संरक्षक दांड्याने साखळी थांबवणारा ब्रेक १९७० च्या दशकात आला तो यासाठीच. त्याआधी, १९६० च्या दशकात, मुठींना कंपन शोषणारे रबर बसू लागले. कारण वर्षानुवर्षे यंत्र धरणाऱ्यांची बोटे रक्तपुरवठा कमी होऊन पांढरी पडत, बधिर होत. धार आणि दम दोन्ही सुधारल्यावर माणसाच्या शरीराकडे लक्ष गेले, हा क्रमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

खांदा कुठे दुखतो?

दात पुन्हा धारदार झाले आणि दुपारच्या आत बाभूळ संपली. बांधापलीकडे एक उभा, हिरवागार कडुनिंब होता. जमलेल्यांपैकी एकजण सहज म्हणाला, “यंत्र चालूच हाये, तर तो लिंबही घ्या उरकून.”

हे वाक्य आम्हाला दिवसभर आठवत राहिले. हातात कुऱ्हाड असती तर ते कोणी बोलले नसते. एक झाड तोडले की खांदा भरून येतो, मनगट दुखते आणि दुसऱ्या झाडाकडे पाहण्याआधी माणूस सावलीत बसतो. सावलीत बसला की विचार करतो. हजारो वर्षे झाडांना राखणाऱ्या गोष्टींत हा दुखणारा खांदाही होता. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम १९६४ चा. साग, आंबा, चिंच, जांभूळ अशी ठरावीक झाडे तोडण्याआधी त्यानुसार परवानगी घ्यावी लागते. पण तो झाला तेव्हा आपल्या शिवारात कुऱ्हाड आणि हातकरवतच होती. जालना हा राज्यातल्या सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. इथे बांधावरची झाडे हेच पुष्कळसे रान आहे. उन्मळलेल्या बाभळीचे सरपण काढायला हे यंत्र फार चांगले आहे, यात शंका नाही. पण खांदा दुखायचा थांबला की त्याने केलेले राखणीचे काम दुसऱ्या कशाने तरी करावे लागते.

त्या शेतकरी पालकांनी लिंबाकडे पाहिले, यंत्राचे बटण बंद केले. “तो न्हाई,” ते म्हणाले, “त्याच्याखाली जेवतो आम्ही.”

मग आम्ही सगळे त्याच लिंबाखाली बसलो. ओंडके आडवे कापून झाले होते, पण चुलीत घालायला ते उभे फोडावे लागणारच होते. त्यासाठी त्यांनी घरातून कुऱ्हाड मागवली.