कोडीनयुक्त वेदनाशामक गोळ्या : नाव नव्हे, घटक वाचा

वाशिम (प्रतिनिधी) : दिवसभर वाकून सोयाबीनची सोंगणी केली की संध्याकाळी कंबर धरते, हातपाय ठणकतात. अशा वेळी दवाखान्याची वाट धरण्याऐवजी मेडिकल दुकानातून ‘अंगदुखीची एखादी चांगली गोळी द्या’ असे सांगून वेळ मारून नेण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. हाती पडलेल्या गोळीत एक औषध आहे की तीन, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. ठणका थांबला की गोळी ‘लागू पडली’ असे समजले जाते आणि पुढच्या वेळी तीच गोळी मागितली जाते.

वेदनाशामक गोळ्यांमधील खरा धोका येथेच दडलेला आहे. मिश्र गोळीतील ज्या घटकाची रुग्णाला कल्पनाच नसते, तोच घटक बहुतेकदा अपाय करतो. कोडीन या औषधाच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे.

मिश्र गोळी म्हणजे काय?

दोन किंवा अधिक औषधे ठरावीक प्रमाणात एकत्र करून बनवलेल्या गोळीला मिश्र गोळी म्हणतात. वेदनाशामकांत पॅरासिटामॉल हा सर्वाधिक आढळणारा घटक होय. त्याच्या जोडीला डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन यांसारखे सूज व वेदना कमी करणारे औषध असते. काही गोळ्यांत कॅफीन असते. तीव्र वेदनांसाठीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत कोडीन अथवा ट्रॅमाडॉल घातलेले असते. ही शेवटची दोन औषधे अफूच्या गुणधर्माची आहेत. त्यांची सवय लागते आणि मात्रा वाढल्यास श्वास मंदावतो.

भारतात सर्वसामान्य रुग्णाची कोडीनशी गाठ पडते ती बहुधा खोकल्याच्या औषधातून. वेदनाशामक गोळ्यांत आपल्याकडे ट्रॅमाडॉल अधिक वापरले जाते. ब्रिटनमध्ये मात्र पॅरासिटामॉल व अल्प कोडीन असलेल्या गोळ्या औषध दुकानात चिठ्ठीविना मिळतात. परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या पिशवीतून अशी पाकिटे इकडच्या घरांतही येऊन पडतात आणि ‘फॉरेनची गोळी’ म्हणून विश्वासाने घेतली जातात.

कोडीन काम कसे करते?

कोडीन हा अफूतील एक घटक असून १८३२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पिअर रोबिके यांनी तो प्रथम वेगळा केला. कोडीन स्वतः फारसे वेदनाशामक नाही. यकृतातील एक एन्झाइम त्याच्या थोड्या भागाचे, साधारणतः पाच ते दहा टक्क्यांचे, मॉर्फिनमध्ये रूपांतर करते आणि वेदना कमी होते ती प्रामुख्याने या मॉर्फिनमुळे.

हे एन्झाइम सर्वांमध्ये सारखे नसते. काहींमध्ये ते जवळजवळ निष्क्रिय असते. अशांना कोडीनने आराम पडत नाही व ते गोळ्या वाढवत जातात. काहींमध्ये ते अतिशय वेगाने काम करते. अशांच्या शरीरात नेहमीच्या मात्रेतूनही धोकादायक प्रमाणात मॉर्फिन तयार होते. आपण कोणत्या गटात मोडतो हे पाहून कळत नाही. त्यामुळे ‘शेजाऱ्याला चालली, मला का नाही?’ हा युक्तिवाद येथे गैरलागू ठरतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेल्या काही मुलांचा मृत्यू झाल्याचे आढळल्यानंतर युरोपीय औषध नियामकांनी २०१३ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना वेदनेसाठी कोडीन देण्यास मनाई केली. अमेरिकेनेही २०१७ मध्ये तशीच मनाई केली.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही दोन्ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. औषध नियमांतील ‘एच-१’ या परिशिष्टात त्यांचा समावेश आहे. ३० ऑगस्ट २०१३ रोजी अधिसूचित झालेले हे परिशिष्ट १ मार्च २०१४ पासून लागू झाले. त्यानुसार औषध विक्रेत्याने चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते. अशा औषधाच्या वेष्टनावर लाल रंगातील ‘आर-एक्स’ हे चिन्ह आणि लाल चौकटीत इशारा छापणे बंधनकारक आहे. ट्रॅमाडॉलचा समावेश एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेतही करण्यात आला.

पॅरासिटामॉलसोबत सर्रास दिल्या जाणाऱ्या डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफेन या अशाच गुणधर्माच्या औषधावर केंद्र सरकारने मे २०१३ मध्ये बंदी घातली होती. २ जून २०२३ रोजी बंदी घातलेल्या १४ मिश्र औषधांत क्लोरफेनिरामाइन आणि कोडीन यांचे खोकल्याचे औषधही होते. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांवर बंदी आली.

एक हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावांत साध्या पॅरासिटामॉल व ॲस्पिरिनच्या गोळ्या, वेदनाशामक बाम यांसारखी काही घरगुती औषधे परवान्याविना विकण्याची मुभा औषध नियमांनी दिली आहे. मात्र ती औषधे मूळ बंद वेष्टनात असावी लागतात आणि त्यांत चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांपैकी कोणताही घटक असता कामा नये. म्हणजेच रिसोड, मालेगाव वा मानोरा तालुक्यातील छोट्या गावच्या किराणा दुकानात पॅरासिटामॉल मिळणे नियमबाह्य नाही. कोडीन अथवा ट्रॅमाडॉलची गोळी मिळणे मात्र निश्चितच नियमबाह्य आहे.

दुसऱ्या घटकाचा हिशेब

निरोगी प्रौढ व्यक्तीने चोवीस तासांत चार ग्रॅम, म्हणजे चार हजार मिलिग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये. वजन कमी असलेल्या, कुपोषित, यकृताचा विकार असलेल्या किंवा नियमित मद्यपान करणाऱ्या व्यक्तीसाठी ही मर्यादा याहूनही कमी असते व ती डॉक्टरांनीच ठरवावी लागते.

ही मर्यादा नकळत कशी ओलांडली जाते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्याने तापासाठी ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून तीनदा घेतली. हे झाले १,९५० मिलिग्रॅम. कंबरदुखीसाठी ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली मिश्र गोळी दोनदा घेतली, हे ६५०. सर्दीसाठी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली गोळी तीनदा घेतली, हे १,५००. एकूण बेरीज ४,१०० मिलिग्रॅम होते. तिन्ही गोळ्यांची नावे वेगळी, रंग वेगळे, कारणेही वेगळी. यकृतावर येणारा भार मात्र एकाच औषधाचा.

कोडीनमुळे हा धोका अनेक पटींनी वाढतो. कोडीनची सवय लागली की तेवढ्याच परिणामासाठी अधिक गोळ्या लागू लागतात. ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल व ८ मिलिग्रॅम कोडीन असलेल्या वीस गोळ्या दिवसात घेणाऱ्याच्या पोटात १६० मिलिग्रॅम कोडीन जाते, पण त्यासोबत तब्बल १० ग्रॅम पॅरासिटामॉलही जाते. मन कोडीनच्या मागे धावते आणि त्याची किंमत यकृताला मोजावी लागते. सोबतचा घटक आयबुप्रोफेन असल्यास जठरात व्रण पडून रक्तस्राव होणे, मूत्रपिंड निकामी होणे आणि रक्तातील पोटॅशियम धोकादायकरीत्या घटणे असे परिणाम संभवतात. युरोपीय नियामकांनी २०२२ मध्ये याविषयी स्पष्ट इशारा दिला आहे. उन्हात राबणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या शेतमजुरांनी तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या वारंवार घेणे विशेष घातक आहे.

तीन दिवसांची मर्यादा

ब्रिटनने २००९ मध्ये चिठ्ठीविना मिळणाऱ्या कोडीनयुक्त गोळ्यांच्या पाकिटावर ‘सवय लागू शकते, केवळ तीन दिवस वापरा’ असा इशारा छापणे सक्तीचे केले व एका पाकिटातील गोळ्यांची संख्या ३२ पर्यंत सीमित केली. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने १ फेब्रुवारी २०१८ पासून अशा गोळ्या चिठ्ठीविना विकणे बंद केले.

या मर्यादेमागील कारण सरळ आहे. तीन दिवसांत न थांबलेल्या वेदनेचे कारण शोधणे आवश्यक असते. गोळी ते कारण झाकून ठेवते. शिवाय महिन्यातून दहा वा अधिक दिवस अशा गोळ्या घेतल्यास गोळीमुळेच डोकेदुखी जडू शकते. डोके दुखते म्हणून गोळी आणि गोळीमुळे पुन्हा डोकेदुखी, असे हे दुष्टचक्र असते.

वेदना नसतानाही झोपेसाठी वा मन शांत व्हावे म्हणून गोळी घ्यावीशी वाटणे, वेगवेगळ्या दुकानांतून गोळ्या आणणे, घरच्यांपासून पट्टी लपवणे, गोळी चुकली की घाम, अस्वस्थता, पोटात कळा, जुलाब व निद्रानाश होणे ही सवय लागल्याची चिन्हे आहेत. अशा व्यक्तीला दोष देऊन किंवा गोळ्या एकाएकी काढून घेऊन प्रश्न सुटत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकांवर उपलब्ध आहे.

कोणी घेऊ नये?

बारा वर्षांखालील मुलांना कोडीन देऊ नये. टॉन्सिलची शस्त्रक्रिया झालेल्या अठरा वर्षांखालील मुलांनाही ते वर्ज्य आहे. बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातांनी ते घेऊ नये, कारण तयार होणारे मॉर्फिन दुधावाटे बाळापर्यंत पोहोचते. दमा वा श्वसनाचा जुनाट विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी, यकृत व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि वृद्धांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी गोळी घेऊ नये. फिट येणाऱ्या रुग्णांसाठी ट्रॅमाडॉल धोक्याचे आहे.

दारू, झोपेच्या गोळ्या आणि चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्या यांच्यासोबत कोडीन अथवा ट्रॅमाडॉल घेतल्यास श्वास थांबण्याची भीती असते. नैराश्यावरील काही औषधांसोबत ट्रॅमाडॉल घेणेही घातक ठरू शकते. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी आधीच गुंगी येते, ही बाबही ध्यानात घ्यावी. गोळी घेतल्यावर दुचाकी, ट्रॅक्टर चालवू नये आणि मळणीयंत्राजवळ काम करू नये. बद्धकोष्ठता हा कोडीनचा नेहमीचा त्रास असल्याने भरपूर पाणी प्यावे.

मात्रा जास्त झाल्यास

रुग्ण हाक मारून जागा होत नसेल, श्वास मंद वा अडखळत असेल, ओठ निळसर पडले असतील, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला कुशीवर वळवून ठेवावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. त्याने श्वासनलिकेत द्रव जाऊन जीव जाऊ शकतो. नॅलॉक्सोन हा अफूजन्य औषधांवरील उतारा रुग्णालयात दिला जातो.

पॅरासिटामॉलची विषबाधा अधिक फसवी असते. पहिल्या दिवशी रुग्ण ठीकठाक दिसतो, फार तर मळमळ होते. दोन-तीन दिवसांनी कावीळ व पोटदुखी सुरू होते, तेव्हा यकृताची मोठी हानी झालेली असते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आठ तासांच्या आत मिळाल्यास सर्वाधिक उपयोगी पडतो. म्हणून ‘सकाळपर्यंत पाहू’ असे न म्हणता, लक्षणे नसली तरी तत्काळ वाशिमचे जिल्हा रुग्णालय किंवा जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात; उपचार त्यावरून ठरतात. दिल्लीच्या ‘एम्स’मधील विषबाधा माहिती केंद्राशी १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधता येतो.

मेडिकल दुकानात विचारावयाचे प्रश्न

वेष्टनावर गोळीचे व्यापारी नाव ठळक असते आणि घटकांची नावे बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत असतात. वाचता येत नसल्यास विचारण्यात कमीपणा मानू नये. दुकानातील नोंदणीकृत फार्मासिस्टने माहिती देणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

१) या गोळीत कोणकोणती औषधे आहेत आणि पॅरासिटामॉल किती आहे?
२) कोडीन, ट्रॅमाडॉल वा गुंगी आणणारे औषध यात आहे का?
३) मी घेत असलेल्या रक्तदाब, मधुमेह, झोप वा सर्दीच्या गोळ्यांसोबत ती चालेल का?
४) दिवसातून किती वेळा आणि किती दिवस घ्यावयाची?

खरेदीचे पक्के बिल घ्यावे. सुट्या, कापलेल्या पट्टीवर नाव व मुदत दिसत नसल्यास ती घेऊ नये. उरलेल्या गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात व दुसऱ्याला देऊ नयेत. चिठ्ठीविना अशी औषधे विकली जात असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या क्रमांकावर तक्रार करता येते. औषधाचा दुष्परिणाम झाल्यास १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर तो नोंदवता येतो.

साध्या अंगदुखीसाठी विश्रांती, शेक, बाम आणि गरज पडल्यास योग्य मात्रेत केवळ पॅरासिटामॉल एवढे बहुतेकांना पुरेसे होते. त्याने भागत नसेल तर ‘अधिक जोरदार’ गोळी मागण्याची ती वेळ नव्हे. डॉक्टरांना दाखवण्याची ती वेळ आहे.